घर आणि अंगण : कुंपण घालण्यापूर्वी

घर बांधून होते, वास्तुशांत होते, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग घरमालकाला कुंपणाची आठवण होते. तोवर हातातील पैसा बहुधा संपत आलेला असतो, नकाशा करून देणारे अभियंते दुसऱ्या कामावर गेलेले असतात आणि उरलीसुरली वाळू व विटा अंगणात पडून असतात. मग गवंड्याला सांगण्यात येते, "एवढे कुंपण तेवढे उरकून टाक." स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी चार चार बैठका घेणारा माणूस कुंपणाचा निर्णय असा उभ्या उभ्या घेतो. माझ्या मामांनी तो तसाच घेतला, आणि त्यापायी त्यांना जे सोसावे लागले ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून या वेळी या स्तंभात कुंपणाचा विषय घेतला आहे.

मामांचे घर नाशिकच्या बाजूला एका तालुक्याच्या गावी आहे. भूखंड कोपऱ्यावरचा, दोन बाजूंना रस्ता. उरलेल्या दोन बाजूंपैकी एकीकडे निवृत्त शिक्षक राहतात. सारी आळी त्यांना गुरुजी म्हणते. सकाळचे वर्तमानपत्र दोघांत एकच येई आणि चहाही एकाच घरी होई. कुंपणाचे काम निघाले तेव्हा गुरुजी महिनाभर मुलीकडे गेले होते. हद्दीच्या चार दगडांपैकी दोनच जागेवर दिसत होते. एक रस्त्याच्या खोदकामात नाहीसा झालेला, आणि मागच्या कोपऱ्यातला चौथा होता की नव्हता हेच कोणास सांगता येईना. गवंड्याने सापडलेल्या दगडांवरून अदमासाने दोरी धरली आणि चारही बाजूंनी सहा फूट उंचीची भरीव भिंत उभी केली.

गुरुजी परतले त्याच संध्याकाळी मामांकडे आले. म्हणाले, "नाना, तुमच्या भिंतीने माझ्या प्राजक्ताचे आळे निम्मे गिळले हो."

मामा म्हणाले, "गुरुजी, दगडावरून दोरी धरली आहे. वीतभर इकडे तिकडे झाले असेल. आपल्यात एवढ्याने काय होते?"

"आपल्यात काही होत नाही," गुरुजी म्हणाले. "पण उद्या आपण दोघेही नसू, आणि भिंत असेल."

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रे दोन झाली. पुढे वर्षभर दोन्ही घरांत बोलणे नव्हते. या वर्षभरात मामींनी एकदाच तोंड उघडले, तेही मोजणीचा निकाल हाती आल्यावर. "आता मोडायला जो पैसा लागणार," त्या म्हणाल्या, "तो आधी मोजायला घातला असता तर?"

त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि कुंपणाचा आरंभ तेथूनच करावयास हवा. खरेदीखतात भूखंडाच्या लांबीरुंदीचे आकडे असतात, परंतु ती रेषा प्रत्यक्ष जमिनीवर कोठून जाते हे खरेदीखत दाखवीत नाही. महाराष्ट्रात हे काम भूमि अभिलेख खात्याचे आहे. तालुक्याच्या उपअधीक्षकांकडे हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज द्यावयाचा, शुल्क भरावयाचे. मग लगतच्या धारकांना नोटीस जाते आणि ठरल्या दिवशी भूकरमापक येऊन खुणा दाखवितात. मागाहून मोजणीच्या नकाशाची प्रत मिळते. ती खरेदीखताच्या शेजारीच ठेवावी. हेच काम मध्य प्रदेशात 'सीमांकन' या नावाने होते आणि गुजरातेत 'मापणी' या नावाने; तेथील आपल्या वाचकांनी कचेरीत तेच शब्द वापरावेत. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. मोजणी रेषा दाखविते, मालकी ठरवीत नाही. जमीन कोणाची याविषयीच वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयातच सुटतो.

मामांच्या बाबतीत मोजणीत असे निघाले की भिंत पुढच्या टोकाला बरोबर होती. मागे जाता जाता ती तिरपी होत गुरुजींच्या जागेत एक वीत आणि चार बोटे शिरली होती. गवंड्याने लबाडी केली नव्हती. चौथा दगड नसताना त्याने दोरी ओढली एवढेच.

येथे पायाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण ही चूक सुशिक्षित घरमालकही करतात. भिंत २३ सेंटीमीटर जाडीची असली, तरी तिचा पाया साधारणतः ४५ ते ६० सेंटीमीटर रुंद असतो. भिंतीची बाहेरची कड बरोबर हद्दीवर धरली आणि पाया दोहीकडे सारखा ठेवला, तर भुईखाली तो ११ ते १८ सेंटीमीटर शेजाऱ्याच्या जागेत जातोच. वरून ते कोणास दिसत नाही. शेजारी उद्या आपल्या घराचा पाया खणू लागला म्हणजे दिसते. यास उपाय दोनच. भिंत तेवढी आत घ्यावी. अथवा दोघांनी मिळून हद्दीवर सामाईक भिंत बांधावी, खर्च निम्मा निम्मा करावा आणि तसा लेख करून दोघांनी सह्या कराव्यात. शेजाऱ्याशी सलोखा असला म्हणजे लेखाची गरज नाही असे पुष्कळांना वाटते. माझे मत उलट आहे. सलोखा आहे तोवरच लेख होऊ शकतो. तो मोडल्यावर सही कोण करणार?

आता नियमांकडे वळू. आपल्या देशात जमीन आणि स्थानिक स्वराज्य हे दोन्ही विषय घटनेने राज्यांकडे दिले आहेत. त्यामुळे कुंपणाचा असा एक अखिल भारतीय कायदा नाही. राष्ट्रीय इमारत संहिता आहे. ती प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली, आणि १९८३, २००५ व २०१६ साली तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. ती मार्गदर्शक आहे. एखाद्या राज्याने किंवा नगरसंस्थेने ती आपल्या नियमांत घेतली म्हणजेच ती बंधनकारक होते. महाराष्ट्रात बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता २०२० सालच्या डिसेंबरपासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे; मुंबईची नियमावली स्वतंत्र आहे. तात्पर्य, पुण्यातील बंधूने सांगितलेला नियम बडोद्यातील बहिणीने जसाच्या तसा धरू नये. आपल्या नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारावे, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावे. कोठे कुंपणासाठी परवानगी लागते, कोठे नुसती सूचना पुरते, तर कोठे घराच्या मंजूर नकाशातच कुंपण दाखवावे लागते.

तथापि अनेक ठिकाणच्या नियमांचा सांगाडा संहितेवरून घेतलेला असतो, यास्तव संहितेत काय आहे ते माहीत असलेले बरे. निवासी घराची कुंपणभिंत समोरील रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटरपेक्षा उंच असू नये. वरचा ०.९ मीटरचा भाग खुल्या स्वरूपाचा ठेवल्यास एकूण उंची २.४ मीटरपर्यंत नेता येते, मात्र त्याच्या रचनेला अधिकाऱ्यांची संमती लागते. तुरुंगाच्या भिंतीला हे बंधन नाही. रुग्णालये, शाळा, कारखाने, वीज उपकेंद्रे यांना २.४ मीटरपर्यंतची उंची मिळू शकते. आपले घर यांपैकी कशातच मोडत नाही.

'खुल्या स्वरूपाचे बांधकाम' हे शब्द वाचून वाचक हसतील. इंग्रजी नियमातील 'ओपन टाइप कन्स्ट्रक्शन'चे मराठी करताना मीही पूर्वी एका पुस्तिकेत हेच शब्द योजले होते. पुढे मामांच्या गवंड्यास ते वाचून दाखविले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे जाळी." लोखंडी गज, जाळी किंवा आरपार दिसेल अशी सिमेंटची नक्षी, असा त्याचा अर्थ आहे. तेव्हापासून असे भाषांतर छापावयास देण्यापूर्वी ते एखाद्या गवंड्यास किंवा सुतारास ऐकवावे, असा मी नेम केला आहे. तो दर वेळी पाळला जातोच असे नाही.

उंची रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजावयाची, अंगणापासून नव्हे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. समजा, आपले अंगण रस्त्याहून ६० सेंटीमीटर उंच आहे. मग अंगणात उभे राहून पाहता भिंत ९० सेंटीमीटरच, म्हणजे जेमतेम कमरेइतकी दिसेल. तरीही ती नियमाच्या कमाल उंचीची असेल. उलट अंगण तितकेच सखल असेल तर आतून हीच भिंत २.१ मीटर भरेल आणि तरीही ती नियमात बसेल. मोजपट्टी अंगणात धरून "आम्ही तर पाचच फूट बांधली" असे सांगणाऱ्या गृहस्थांची नगरपालिकेशी जी हुज्जत होते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

कोपऱ्यावरच्या भूखंडाला आणखी एक बंधन आहे, आणि माझ्या मते साऱ्या नियमावलीत त्याच्याइतका महत्त्वाचा दुसरा नियम नाही. दोन रस्ते जेथे मिळतात तेथपासून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरहून उंच नसावी. तिच्यावर हवी तर ०.७५ मीटर उंचीची जाळी बसवावी. कारण उघड आहे. सात-आठ वर्षांचे मूल सव्वा मीटरच्या आसपास उंचीचे असते. दीड मीटर भिंतीआडून ते सायकलवर बाहेर येईपर्यंत वळणाऱ्या चालकाला ते दिसतच नाही. मामांची भिंत तर १.८ मीटरची आणि संपूर्ण भरीव होती. ती उभी राहून चार महिने झाले नाहीत तोच त्या वळणावर एक दूधवाला आणि एक रिक्षा एकमेकांवर आदळले; थोडे दूध सांडण्यावर निभावले. दुसऱ्या वेळी शाळेतून येणारी आळीतलीच एक मुलगी मोटारसायकलीखाली आली आणि तिचा हात दोन ठिकाणी मोडला. चालक शपथेवर सांगत होता की मला काही दिसले नाही, आणि ते खरेच होते. नगरपालिकेची नोटीस मागाहून आली. मामांनी तिची वाट पाहिली नाही. मुलीला पाहून रुग्णालयातून परतताच त्यांनी स्वतः पहार घेतली आणि कोपऱ्याची भिंत उतरविण्यास आरंभ केला. त्या वेळी त्यांचे वय ६३ होते. थोड्या वेळाने गुरुजींचा मुलगा पलीकडून आला आणि काही न बोलता विटा उचलू लागला.

फाटकाविषयी नियम लहानसा आहे. ते संपूर्ण आतल्या बाजूला उघडले पाहिजे. पदपथावर किंवा रस्त्यावर त्याचे पाखे येता कामा नये. मोटार आत घेण्यासाठी जागा कमी पडते म्हणून पुष्कळजण ते बाहेर उघडतात. त्यांनी सरकते फाटक करावे.

रस्त्याच्या बाजूची भिंत बांधण्यापूर्वी आणखी एक चौकशी करावी. नगरसंस्था प्रत्येक सार्वजनिक रस्त्याची नियमित रेषा ठरवू शकते. मुंबईच्या १८८८ सालच्या कायद्यात ही तरतूद आहे, आणि महाराष्ट्रातील इतर महानगरपालिकांच्या १९४९ सालच्या कायद्यातही आहे. आज रस्ता नऊ मीटर असला तरी नियमित रेषा बारा मीटरची आखलेली असू शकते, आणि मग आपल्या अंगणाची एक पट्टी कागदोपत्री रस्त्याच्या वाट्याला गेलेली असते. अशा जागेबद्दल भरपाईची सोय कायद्यात आहे, परंतु रेषा ठरल्यावर तिच्या पुढे बांधलेल्या नव्या भिंतीला संरक्षण मिळत नाही. विकास योजनेचा नकाशा पाहण्यास अर्धा दिवस मोडतो. तो मोडावा.

आता अशा गोष्टी, ज्या नगरपालिकेच्या कागदात नसतात पण कुंपणाला आडव्या येतात. पहिली पायवाट. आपल्या भूखंडाच्या कडेने शेजारची मंडळी विहिरीकडे किंवा रस्त्याकडे जात असतील, आणि ती वहिवाट वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड व हक्काने चालली असेल, तर १८८२ सालच्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे तो त्यांचा अधिकार होऊ शकतो. जेथे तो कायदा लागू नाही तेथे १९६३ सालच्या मुदतीच्या कायद्यात अशीच वीस वर्षांची तरतूद आहे. वाट सरकारी जमिनीवरून असेल तर मुदत तीस वर्षांची. परंतु आपण परवानगी दिली म्हणून कोणी जात-येत असेल, तर त्या परवानगीचा हक्क होत नाही. म्हणून शेजाऱ्याला वाट द्यावयाची असेल तर मोकळ्या मनाने द्यावी, आणि ती परवानगीने दिली आहे अशी चिठ्ठी करून ठेवावी. महाराष्ट्रात शेतीकडे जाणारी वाट कोणी अडविली, तर १९०६ सालच्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, परंतु ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. समजुतीच्या बैठकी चालू असतानाच ही मुदत सरून गेल्याची उदाहरणे खेड्यांत हवी तितकी आहेत.

दुसरी गोष्ट पावसाच्या पाण्याची. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीकडे वाहते, आणि तसे ते वाहू दिले पाहिजे, हा वरच्या धारकाचा हक्क त्याच १८८२ सालच्या कायद्याने मानला आहे. पूर्वीच्या कुंपणांना ही अडचणच नव्हती. कोकणातला गडगा म्हणजे मातीचुन्यावाचून रचलेले दगड. त्यांच्या सांध्यांतून पाणी आपोआप निघून जाते. काट्याकुट्यांची वई तर पाण्याला अडवीतच नाही. भरीव भिंत आली आणि पाणी तुंबू लागले. ते एका बाजूला साचले म्हणजे शेजाऱ्याचे अंगण भरते, आणि पाया भिजून भिंतही कलते. जोत्यालगत ठरावीक अंतरावर भोके ठेवणे एवढे स्वस्त काम आहे की ते न करणाऱ्या गवंड्याला मी विसरभोळा म्हणणार नाही, आळशी म्हणेन.

आणि जिवंत कुंपण? ज्यांच्याजवळ जागा आहे त्यांनी याचा विचार अवश्य करावा. मेंदी, कोयनेल, अडुळसा कातरून दाट ठेवता येतात. करवंदाची व सागरगोट्याची जाळी गुरांना अडविते. शेर झटपट वाढतो, पण त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. घरात लहान मुले असतील तर तो लावू नये. झुडुपे लावताना हद्दीपासून हातभर आत लावावीत, म्हणजे वाढलेली बाजू कातरण्यास शेजाऱ्याच्या अंगणात उतरावे लागत नाही. हद्दीवरचे मोठे झाड मात्र कोणी परस्पर तोडू नये. महाराष्ट्राच्या नागरी भागात १९७५ सालच्या वृक्ष जतनाच्या कायद्याप्रमाणे त्यास परवानगी लागते, मग झाड स्वतःच्या अंगणातले का असेना.

तारेच्या कुंपणात घरातील वीज सोडणाऱ्यांविषयी लिहिताना लेखणीला संयम राहत नाही. रानडुकरांसाठी म्हणून लावलेल्या अशा तारांनी गुराखी मेले आहेत, हत्ती मेले आहेत, आणि पहाटे विसरून तारेला हात लावणारे स्वतः शेताचे मालकही मेले आहेत. "कुंपणानेच शेत खाल्ले" ही म्हण इतक्या भयंकर अर्थाने खरी होईल असे ती करणाऱ्यांना वाटले नसेल. क्षणमात्र झटका देणारी प्रमाणित यंत्रे मिळतात, ती निराळी. घरातील वीज सरळ तारेत सोडणे हा अपराध आहे. त्यात माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहतो.

छावणीच्या हद्दीत राहणाऱ्या वाचकांसाठी थोडेसे. महू, कामठी, देवळाली, बेळगाव अशा ठिकाणी छावणीचा कायदा लागू असेल, तर घराप्रमाणेच कुंपणासाठीही तो कायदा पाहावा लागतो. तेव्हा तेथे कुंपणभिंत ही किरकोळ बाब समजू नये. मंडळाला आधी कळवावे. त्याचप्रमाणे केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या प्राचीन स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीवाचून करता येत नाही. विजापूर, औरंगाबाद यांसारख्या गावी जुन्या वस्तीत घर असलेल्यांनी एक विटेचा थरही रचण्यापूर्वी चौकशी करावी.

मामांनी मागची भिंत मोजणीच्या खुणांवरून नव्याने बांधली. या वेळी दोरी धरताना गुरुजींना बोलाविले होते. भिंत १.५ मीटर, दोघांत सामाईक, खर्च निम्मा, आणि लेख गुरुजींच्याच वळणदार अक्षरात. त्याची एक एक प्रत दोन्ही घरी आहे. वर्तमानपत्रे मात्र अजून दोनच येतात. मामा म्हणतात, एव्हाना दोघांना वेगवेगळी वाचण्याची सवय लागली आहे.

छपराच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडत असल्याबद्दल काही वाचकांनी विचारले आहे. तो विषय पुढील अंकी घेऊ.